फायबरची नवी होडी : विकत घेण्यापूर्वी करावयाची परीक्षा

धरणाच्या फुगवट्यालगत ज्यांची जमीन आहे अशा शेतकऱ्यांस होडी ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पाणी उतरूं लागलें म्हणजे विजेची मोटर व पाइप पाण्याच्या मागोमाग हलवावे लागतात. पलीकडच्या तीरावर शेताचा तुकडा असला तर मजूर, खत व बियाणें तिकडे न्यावें लागतें. आणि जे मच्छीमार सोसायटीचे सभासद आहेत त्यांस तर जाळीं टाकण्यासाठीं ती रोजच हवी असते. पूर्वीं ही होडी लांकडाची किंवा पत्र्याची असे. ती गांवचा सुतार नाहीं तर लोहार बांधी, आणि लांकूड कोणतें, सांधा कसा, खिळा कुठें, हें घेणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत असे. आतां ती बहुधा फायबरची, म्हणजे कांचतंतूंच्या कापडावर रेझिन चढवून साच्यांतून काढलेली, अशी येते. बाहेरून तिच्यावर रंगीत चकाकणारा थर असतो व त्याच्या आंत काय दडलें आहें तें सहसा कोणी विचारीत नाहीं. बैल घेतांना आपण दांत पाहतों, खांदा चांचपतों, चालवून पाहतों. आणि जिच्यांत घरचीं माणसें बसवावयाचीं ती होडी मात्र रंग पाहून घेतों.

ता. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं उजनी धरणाच्या फुगवट्यांत, इंदापूर तालुक्यांतील कळाशी व करमाळा तालुक्यांतील कुगांव यांच्या दरम्यान चालणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यांत उलटली व सहा माणसें बुडून मेलीं. त्या होडीच्या बांधणीविषयीं येथें कांहींएक म्हणावयाचें नाहीं. परंतु वळवाचा वारा उघड्या जलाशयावर किती थोड्या वेळांत काय करूं शकतो, हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें. असा वारा आल्यावर होडीची परीक्षा करण्यास सवड नसते. ती कारखान्याच्या आवारांत, पैसे देण्यापूर्वीं, करावयाची असते. आणि ती करण्यास फार मोठी विद्या लागते असेंही नाहीं.

प्रथम घाटाविषयीं. अमेरिकेंत धरणांच्या जलाशयांवर बास नांवाचा मासा गळानें धरण्याचा मोठा शोक आहे, व त्यासाठीं त्या लोकांनीं एक स्वतंत्र होडी बनविली आहे. लुइझियाना संस्थानांतील श्रीव्हपोर्ट येथें होम्स थर्मंड या गृहस्थांनीं १९४८ सालीं तिचा पहिला नमुना लांकडांत बांधला, तो ‘स्कीटर’ या नांवानें प्रसिद्ध आहे. पुढें १९६८ सालीं आर्कान्सा संस्थानांतील फ्लिपिन गांवीं फॉरेस्ट वुड यांनीं ‘रेंजर’ होड्यांचा कारखाना काढला आणि फायबरची बास-बोट घरोघर झाली. तिचे कांठ बुटके, पुढें उभें राहून गळ फेंकण्यासाठीं सपाट मंच, आणि मागें मोठें इंजिन. शिकारीच्या कामास ती उत्तम. पण असल्या घाटाची होडी आपल्याकडे कोणी छापील चित्रपुस्तक दाखवून विकूं लागला, तर आमच्या मतें ती घेऊं नये. आपणांस वेग नको, ओझें वाहावयाचें आहे; आणि उंच मंचावर उभ्या माणसांनीं होडी डोलते, ती निराळीच. अमेरिकेंतून घ्यावयाचें तें घाटाचें अनुकरण नव्हे, तर तेथील परीक्षा. १९७१ च्या नौकासुरक्षेच्या कायद्याखालीं तेथें वीस फुटांखालील साध्या इंजिनाच्या होडीवर किती माणसें, किती वजन व किती अश्वशक्तीचें इंजिन चालेल याची पाटी लावावीच लागते. आणि अशी होडी पाण्यानें भरली तरी तळाशीं न जातां तरंगत राहिली पाहिजे, असा नियम आहे. या दोन गोष्टी आपण कारखानदाराकडे मागितल्या, तर त्यांत अधिक असें कांहीं मागितलें असें होत नाहीं.

रुंदीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. होडी एका अंगास कलली असतां तिला पुन्हां सरळ करणारा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. चार फुटी व पांच फुटी होडींत दिसावयास फरक फुटाचाच. पण चाराचा घन ६४ आणि पांचाचा १२५. म्हणजे लांबी व भार सारखा असून ओझें खालीं बसविलेलें असेल, तर पांच फुटी होडी जवळजवळ दुप्पट नेटानें उभी राहते. मात्र ही रुंदी वरच्या कांठाशीं मोजून उपयोग नाहीं; ती पाण्याच्या रेघेशीं मोजावी. कित्येक होड्या वर पसरट व खालीं निमुळत्या असतात. त्या पाहणाराला ऐसपैस वाटतात आणि बसणाराला फसवितात.

तळ सपाट असला म्हणजे होडी उथळ पाण्यांत जाते, स्थिर वाटते, गाळांत ओढतां येते. पण लाटेवर आपटते. तळ खोलगट, नांगराच्या फाळासारखा मधें उतरता असला तर लाट कापते, पण पाणी जास्त खोल मागते व थांबली असतां डोलते. फुगवट्याच्या कांठावर, जेथें झाडांचीं खोडें व जुन्या विहिरींचे कठडे पाण्याखालीं असतात तेथें, पुढचें टोंक उतरतें व मागचा अर्धा भाग जवळजवळ सपाट असा मिश्र घाट बरा पडतो. यावर याहून जास्त वाद घालण्यांत अर्थ नाहीं; घाट वाईट असून बांधणी चांगली असलेली होडी सांभाळून चालवितां येते, पण बांधणीच खोटी असेल तर घाट कितीहि चांगला असून काय उपयोग?

ओझ्याचा हिशेबही कागदावर करून पाहावा. सोळा फूट लांब व पाण्याच्या रेघेशीं साडेचार फूट रुंद अशा होडीचें पाण्यावरचें क्षेत्र, टोंकाचा निमुळता भाग वजा जातां, सुमारें ५४ चौरस फूट धरावें. ही होडी एक इंच खालीं बसावयास साडेचार घनफूट पाणी बाजूस सरावें लागतें, व तेवढ्या पाण्याचें वजन सुमारें १२७ किलो होतें. म्हणजे दर दोन माणसांमागें होडी एक इंच बसते. दहा माणसें बसलीं कीं कांठ पांच इंच खालीं आला! त्यावर पाइपांचा भारा ठेवला, मागें इंजिन व एक माणूस, म्हणजे मागचा कोपरा आणखी दबला. भरलेल्या होडीचा सर्वांत खालचा कांठ पाण्यापासून निदान सव्वा फूट वर राहिला पाहिजे, असें आम्ही समजतों. अमेरिकेंत ज्या होडीवर पाटी नाहीं तिच्यासाठीं एक ठोकताळा वापरतात : लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणावीं व पंधरानें भागावें. सोळा फूट व पांच फूट यांचा गुणाकार ८०. भागिले १५, म्हणजे पांच माणसें. आपल्याकडे अशाच होडींत बारा-पंधरा बसलेलीं दिसतात, व हा आंकडा ऐकून लोक हंसतात.

आतां मुख्य भाग, म्हणजे भिंत. फायबरची होडी साच्यांत उलट्या क्रमानें तयार होते. प्रथम साच्यास मेण लावून त्यावर रंगीत रेझिनचा पातळ थर, ज्याला कारखान्यांत जेलकोट म्हणतात, तो फवारतात किंवा कुंच्यानें देतात. हा सुमारें अर्धा मिलिमीटर असावा. पातळ झाला तर आंतलें कापड उमटून दिसतें, जाड झाला तर थोड्याच दिवसांत चांदणीसारख्या भेगा पडतात. त्याच्या मागें कांचतंतूंचें मॅट, मग विणलेलें जाड कापड, पुन्हां मॅट, असे थर रेझिनमध्यें भिजवून रुळानें दाबीत बसवितात. ताकद कांचेची आहे. रेझिन हें नुसतें तिला धरून ठेवणारें. दर चौरस मीटरास ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर भिजून सुमारें एक मिलिमीटर जाडी देतो. तेव्हां सोळा फुटी होडीचा तळ सहा मिलिमीटर आहे असें कोणी सांगितलें, तर त्यांत कापडाचे किती थर आले हें विचारावें व उत्तर त्या हिशेबाशीं ताडून पाहावें.

जाडी तपासण्याची सोपी रीत वजनाची. कांच व रेझिन मिळून तयार झालेल्या भिंतीचें वजन पाण्याच्या सुमारें दीडपट असतें. म्हणून एक चौरस फूट क्षेत्र व एक मिलिमीटर जाडी यांचें वजन १४० ग्रॅमच्या आसपास येतें. आपल्या सोळा फुटी होडीचें कवच सुतळीनें मापलें असतां १२० चौरस फूट भरलें, तर सहा मिलिमीटर जाडीस शंभर किलो, आणि चार मिलिमीटर असल्यास सदुसष्ट किलो वजन यावयास पाहिजे. बांक, फळ्या व आडवे आधार यांचें वजन निराळें धरावें. उसाच्या किंवा धान्याच्या वजनकांट्यावर होडी चढविण्यास कोणी हरकत घेईल असें वाटत नाहीं.

परंतु वजन भरलें म्हणजे काम झालें असें मात्र समजूं नये. कांच महाग व रेझिन त्याहून कटकटीचें. म्हणून कांहीं ठिकाणीं रेझिनमध्यें खडूची भुकटी कालवून जाडी भरून काढतात. असली भिंत जड असते, घट्ट वाटते, आणि दगडावर आदळली कीं कपासारखी फुटते. ही लबाडी ओळखण्यास एक उपाय आहे, तो प्रत्येकानें करावा. होडीच्या तळाशीं पाणी काढून टाकण्याचें बुचाचें भोंक असतें. तें गोल करवतीनें पाडलें असतां रुपयाएवढी चकती निघते. ऑर्डर देतांनाच कारखानदारास सांगावें कीं ती चकती फेंकूं नये, आमच्यासमोर पाडावी व आमच्या हातीं द्यावी. ती सोनाराच्या कांट्यावर तोलावी. मग उघड्या जागीं, वाऱ्याच्या पाठीशीं उभें राहून, निखाऱ्यांवर पत्र्याच्या झांकणांत ठेवून पूर्ण जाळावी. धूर वाईट असतो, तो अंगावर घेऊं नये. रेझिन जळून जातें, कांच राहते. थंड झाल्यावर थर पापुद्र्यांसारखे वेगळे होतात व हातानें मोजतां येतात. बाकी राहिलेल्या कांचेचें वजन, नुसतें मॅट असेल तर, मूळ चकतीच्या तीन दशांशाच्या आसपास भरतें. विणलेलें कापड अधिक असल्यास त्याहून जास्त. फार कमी भरलें तर भिंत म्हणजे नुसतें रेझिन होय. आणि कांचेच्या तंतूंमधून पांढरी भुकटी झटकून पडली, तर तिच्यावर लिंबू पिळावें. फेंस आला म्हणजे खडू आहे हें नक्की.

रेझिन पूर्ण वाळलें आहे कीं नाहीं हें निराळें पाहावें लागतें. रेझिनमध्यें शेंकडा एक ते दोन या प्रमाणांत हार्डनर घालतात, त्यानें तें घट्ट होतें. थंडींत हें काम मंद होतें, व पावसाळ्यांत हवेंतील ओलावा मॅटमध्यें शिरला तर रेझिन तंतूंत नीट मुरत नाहीं. म्हणून होडी कोणत्या महिन्यांत ओतली हें विचारणें वावगें नाहीं. आमची पसंती फेब्रुवारी ते मे. नव्या होडीच्या आंत तोंड घालून वास घ्यावा. थोडा वास असणारच. पण महिना झाल्यावरहि डोळे झोंबत असतील, किंवा आंतील पृष्ठभाग बोटास चिकट लागत असेल, तर ती कच्ची आहे. चिंधीवर थोडें ॲसिटोन घेऊन आंतून घासावें. पक्की भिंत जशीच्या तशी राहते. कच्ची मऊ पडते व चिंधी चिकटते.

त्यानंतर उजेडाची परीक्षा. आंतून रंग दिलेला नसेल तर ती होडी उन्हांत आडवी उभी करून आंतल्या बाजूनें पाहावी. फायबरमधून उजेड झिरपतो. सगळीकडे सारखा मधासारखा उजेड दिसला तर काम चांगलें. पांढरे ठिपके व पट्टे म्हणजे तेथें कापड कोरडें राहिलें आहे. गोल डाग म्हणजे हवेचे बुडबुडे. एखादा भाग एकाएकीं फार उजळ म्हणजे तेथें थर कमी पडला. कोपऱ्यांत, विशेषतः पुढच्या टोंकाच्या आंत व तळ आणि बाजू यांच्या सांध्यांत, अशी चूक हटकून सांपडते, कारण तेथें मॅट वळवून दाबणें कष्टाचें असतें. जी होडी आंतूनहि दाट रंगानें रंगविलेली आहे, तिचा रंग कां दिला हें विचारावें. रंग आंतून छान दिसतो हें खरें, पण ऑर्डर देऊन होडी करवीत असाल तर ‘आंतला रंग आम्ही पाहिल्यानंतर द्या’ असें लिहून घेणें शहाणपणाचें.

रंग दिलेलाच असेल तर नाणें घ्यावें, व वीत-वीत अंतरानें तळ, बाजू व मागची फळी वाजवीत जावें. मडकें घेतांना जें करतों तेंच. टणत्कार आला कीं थर एकजीव. बद्द आवाज आला कीं आंत थर सुटला आहे किंवा पोकळी आहे. खडूनें खूण करीत जावें, व शेवटीं खुणा किती झाल्या तें कारखानदारास दाखवावें. मग होडी जमिनीवर दोन लांकडांच्या आधारानें ठेवून तळावर मध्यभागीं पाय देऊन जोर करावा. तेलाच्या डब्याचा तळ दाबला असतां जसा ‘टक्’ करून आंत-बाहेर होतो तसा झाला, तर आंतले लांबट व आडवे आधार कमी आहेत. असा तळ प्रत्येक लाटेबरोबर थोडा थोडा वांकतो, आणि वांकून वांकून एक दिवस आधाराच्या कडेनें चिरतो.

मागच्या फळीविषयीं मी थोडें विस्तारानें लिहितों, कारण तेथें मी स्वतः फसलों आहें. ज्या उभ्या फळीवर इंजिन अडकवितात तिला कारखानदार ट्रान्सम म्हणतात. सगळ्या होडींत सर्वांत जास्त ताण तिच्यावर : इंजिनाचें वजन, त्याचा पुढें ढकलण्याचा रेटा, शिवाय खडकावर पंखा आदळला तर तो धक्का. म्हणून तिच्या आंत प्लायवुड घालून दोन्ही बाजूंनीं फायबर चढवितात. आम्हीं तिघां शेजाऱ्यांनीं मिळून एक होडी घेतली. ती दिसण्यांत निर्दोष होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर इंजिनाचे स्क्रू कितीहि आवळले तरी सैल पडूं लागले. प्रथम आम्हांस वाटलें, इंजिनाचाच दोष. शेवटीं एका जाणत्या मेस्त्रीनें फळीच्या खालच्या अंगास बारीक भोंक पाडलें, तों त्यांतून तांबडें पाणी ठिबकूं लागलें. आणि भोंक मोठें केल्यावर आंतील प्लायवुड ओल्या पुठ्ठ्यासारखें बोटानें निघूं लागलें. साधें घरगुती प्लायवुड वापरलें होतें, व वरची कड फायबरनें न झांकतां नुसती ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली होती. त्या पट्टीच्या खिळ्यांतून पाणी आंत जात राहिलें. दुरुस्तीस जो खर्च आला त्यांत बरी फळी पहिल्यानेंच दोनदां झाली असती. त्याहून वाईट हें कीं त्याच इंजिनावर आम्ही दोन उन्हाळे बायकामुलांस पैलतीरीं नेलें होतें.

तेव्हां मागची फळी पाहतांना पुढील गोष्टी विचाराव्या. प्लायवुड भारतीय मानक ७१० चें, म्हणजे जहाजी कामाचें आहे काय, आणि त्यावरचा शिक्का झांकण्यापूर्वीं दाखवाल काय? वरची कड, बुचाचें भोंक, स्क्रूचीं भोंकें, ज्या ज्या ठिकाणीं लांकूड उघडें पडतें तेथें रेझिन भरलें आहे काय? ही फळी तळाशीं व बाजूंशीं नुसती चिकटविलेली नसावी. कोपऱ्यांतून गोलाई देऊन कापडाचे थर दोन्हीकडे वीतभर चढलेले असावे. इंजिन लावल्यावर त्याचा खालचा दांडा धरून वरखालीं हलवावा. फळी त्याबरोबर श्वास घेतल्यासारखी हलतां कामा नये. फळीची उंचीही इंजिनाशीं जुळली पाहिजे. आंखूड दांड्याच्या इंजिनास सुमारें पंधरा इंच व लांब दांड्याच्यास वीस इंच उंची लागते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाशीं सारखी किंवा इंचभर खालीं यावी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो, आणि फार खालीं गेली तर तेल वायां जातें. पुष्कळ वेळां आंखूड इंजिनासाठीं फळी मध्यें कापून खोल करतात. लाट मागून येते तेव्हां पहिलें पाणी त्याच खांचेंतून आंत येतें, हें ध्यानांत ठेवावें.

आतां तरंगण्याचा प्रश्न. लांकडाची होडी भरली तरी बुडत नसे, लांकूडच तरंगतें. फायबर पाण्याहून जड आहे, तें दगडासारखें खालीं जातें. म्हणून आंत फोम भरावा लागतो. हिशेब असा : दीडशे किलो फायबर पाण्यांत गेलें म्हणजे त्याचा दोन तृतीयांश भार पाणीच उचलतें, पन्नास किलो उरतो. इंजिनाचे चाळीस किलो पुरे धरावे. पांच माणसें कांठास धरून राहिलीं, त्यांचीं डोकीं व खांदे पाण्यावर राहण्यास माणशीं दहा किलो, म्हणजे पन्नास. एकूण १४० किलो. एक घनफूट फोम सुमारें सत्तावीस किलो उचलतो. तेव्हां सव्वापांच घनफूट पाहिजे. सहा मागावा. हा फोम बांकाच्या खालीं व दोन्ही बाजूंस, जितका वर बसवितां येईल तितका वर असावा. तो सगळा तळफळीखालीं भरला तर पाण्यानें भरलेली होडी पालथी होते. कारण हलकें खालीं व जड वर अशी तिची स्थिति होते.

फोम कोणता हेंही पाहिलें पाहिजे. बंद पेशींचा पॉलियुरेथेन चांगला. स्वस्ताई म्हणून थर्मोकोल भरतात. त्यास आमची सरसकट हरकत नाहीं, पण थर्मोकोल पेट्रोलमध्यें विरघळतो, आणि ज्या रेझिननें होडी बनते त्यांतहि विरघळतो. ज्यास खोटें वाटेल त्यानें वाटींत थोडें पेट्रोल घेऊन थर्मोकोलचा तुकडा टाकून पाहावा. आगीपासून दूर, अंगणांत. म्हणजे थर्मोकोलवर थेट रेझिन ओतून झांकण करणारा कारागीर आपल्याच हातानें फोमच्या जागीं पोकळी करीत असतो, आणि टाकीतून सांडलेलें पेट्रोल जर बांकाखालीं झिरपलें तर उरलेलाहि जातो. थर्मोकोल असेल तर तो जाड प्लॅस्टिकांत गुंडाळलेला व फायबरच्या बंद पेटींत ठेवलेला हवा, व पेट्रोलची टाकी त्यापासून लांब हवी. बांकास एक बुच ठेवून घ्यावें; वर्षांतून एकदां तें काढून आंत पाणी सांचलें आहे काय हें पाहतां येतें.

या सर्व हिशेबाची एक प्रत्यक्ष परीक्षा आहे, ती टाळूं नये. होडी कंबरभर पाण्यांत कांठाशीं आणावी. इंजिन काढून त्याच्या जागीं तितक्याच वजनाचीं लोखंडी वजनें बांधावीं. वाळूचीं पोतीं चालणार नाहींत. वाळू पाण्यांत एक तृतीयांशाहून अधिक हलकी होते, लोखंड फक्त एक अष्टमांश. मग बुच काढून होडी कांठोकांठ पाण्यानें भरूं द्यावी. ती तरंगत राहिली पाहिजे, आणि मागून खालीं जाऊन टोंक आकाशाकडे न करतां जवळजवळ आडवी राहिली पाहिजे. पांच माणसांनीं एका बाजूचा कांठ धरून पाहावें. पालथी होऊं लागली तर फोम खालीं किंवा कमी आहे. तासभर तशीच ठेवावी. नंतर पाणी उपसून पुन्हां वजन करावें. पहिल्यापेक्षां पांच-दहा किलो जास्त भरलें तर बांकांत किंवा दुहेरी तळांत कुठेंतरी पाणी शिरलें आहे. हें सर्व करण्यास एक दिवस जातो, व कारखानदाराचा चेहरा पडतो. पण आम्हांस असा एक कारखानदारहि भेटला, ज्यानें स्वतःच होडी भरून दाखविली, व आमच्याआधीं त्याचाच मुलगा तिच्यांत बसला. त्याची किंमत दहा टक्के जास्त होती. ती दिली.

बारीकसारीक गोष्टी थोडक्यांत. कडी, वल्ह्याच्या कड्या व दोरखंडाचीं हुकें आंतून पट्टी देऊन बोल्टांनीं आवळलेलीं असावीं, स्क्रूनें नव्हे. साधें लोखंड गंजून रेझिन फोडतें, स्टेनलेस घ्यावें. पायाखालचा पृष्ठभाग खरखरीत असावा. इंजिन बंद करणारी मनगटाला बांधावयाची दोरी असेल तर ती प्रत्येक वेळीं बांधावी. अमेरिकेंत १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांखालील अशा होड्यांवर ती बांधणें सक्तीचें आहे, कारण चालविणारा पडला व होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर आली, असे प्रकार पुष्कळ झाले. इंजिनाच्या होडीनें भाडें घेऊन माणसें नेणाऱ्यानें १९१७ चा जुना कायदा गेला व २०२१ चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा आला आहे, त्याखालीं नोंदणी व तपासणी लागते, हें विसरूं नये. स्वतःच्या शेतावर जाणाऱ्यासहि अंगरक्षक जाकिटें माणशीं एक पाहिजेतच. तीं होडीच्या किंमतींत धरून मागावीं म्हणजे घासाघिशींत मिळून जातात.

पैशाविषयीं आमचा रिवाज असा आहे कीं, तिसरा हिस्सा ऑर्डरबरोबर, तिसरा साच्यांतून होडी निघाल्यावर उजेडाची व नाण्याची परीक्षा झाली म्हणजे, आणि उरलेला पाण्यांत भरून पाहिल्यानंतर. कराराच्या कागदावर लांबी, पाण्याच्या रेघेशीं रुंदी, तळाचे व बाजूचे थर, प्लायवुडचें मानक, फोमची जात व घनफूट, आणि कोऱ्या होडीचें वजन इतकें लिहून घ्यावें. बुचाची एक चकती जाळली तरी इंजिनाच्या दोरीसाठीं किंवा कड्यांसाठीं पाडलेल्या भोंकांच्या दुसऱ्या असतात. त्यांपैकीं एक पाकिटांत घालून, तारीख व होडीचा नंबर लिहून, पावतीबरोबर पेटींत ठेवावी.